घरात रॅक म्हणजे फुकटची हौस? एकेक मुद्दा बघू

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे घरात रॅक, म्हणजे नेटवर्कची यंत्रं बसवायचं कपाट, लावून वेगळा राउटर आणि स्विच (एका केबलवरून अनेक केबल काढून देणारा डबा) बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, इंटरनेट कंपनीने दिलेला डबा पुरतो, नव्या पिढीचं वाय-फाय ६ आल्यावर केबल ओढायची गरज नाही, वीजबिल वाढतं, घरात सर्व्हर रूमसारखा घरघराट होतो, आणि बिघडलं तर इंजिनियरच लागतो. मी दोन वर्षं घरी हे वापरतोय, स्वतः जोडलंय, म्हणून लिहितो.

आधी वायरलेसचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. वाय-फाय कितीही नवीन असलं तरी एका चॅनलवरची हवा सगळ्यांना वाटून घ्यावी लागते, तुमचा टीव्ही, मुलीचा क्लास, शेजाऱ्याचा राउटर, सगळे तिथेच, आणि २.४ गिगाहर्ट्झला एकमेकांवर न येणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झला जागा जास्त पण आरसीसीच्या दोन भिंती मध्ये आल्या की ते आटतं. मग लोक मेश, म्हणजे घरभर ठेवायचे एकमेकांना जोडलेले वाय-फायचे डबे, घेतात, आणि मेशचे डबे एकमेकांशी वायरलेसनेच बोलत असले की तोच डेटा हवेतून दोनदा जातो. आमच्या वरच्या मजल्यावर नेमकं हेच होत होतं. टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर या जागेवरून न हलणाऱ्या वस्तू केबलवर टाकल्या आणि वरच्या ॲक्सेस पॉइंटलाही (वाय-फाय पसरवणाऱ्या डब्याला) केबल दिली, त्यानंतर मोबाईलचं वाय-फाय सुधारलं, कारण हवा मोकळी झाली. केबलचा सगळ्यात मोठा फायदा वाय-फायलाच होतो, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

फक्त केबल नीट घ्या, कळकळीने सांगतो. स्वस्त बॉक्समध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असते, ब्लेडने खरवडली की आतून चंदेरी दिसते. शुद्ध तांब्याचीच कॅट ६ जातीची नेटवर्क केबल घ्या, ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेग आरामात नेते, आणि लाईटच्या वायरच्याच पाइपातून ओढू नका. मी पहिल्यांदा पॅच पॅनेलला, म्हणजे घरभरच्या केबलींची टोकं एकत्र बसवायच्या पट्टीला, वायरी ठोकल्या तेव्हा एका पोर्टला १०० एमबीपीएसच लिंक मिळायची, दोन दिवस स्विचला दोष देत होतो, शेवटी बघितलं तर तपकिरी जोडीतली एक तार खाचेत नीट बसलीच नव्हती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून वरवर सगळं चालू दिसतं. क्रोन टूलने, म्हणजे तार खाचेत दाबून बसवायच्या हत्याराने, परत ठोकली, लगेच गिगाबिट.

आता कंपनीचा डबा. वन बीएचके असेल आणि सगळीकडे रेंज येत असेल तर खरंच तेवढा पुरतो, रॅक लावू नका. पण घरात कॅमेरे, स्मार्ट प्लग, ऑफिसचा लॅपटॉप सगळं एकाच नेटवर्कवर असणं मला पटत नाही. मी इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा चार पोर्टवाला छोटा पीसी राउटर म्हणून घेतला, त्यावर ओपीएनसेन्स हे राउटरचं काम करणारं सॉफ्टवेअर टाकलं, हे फुकट आणि ओपन सोर्स आहे, २०१५ मध्ये पीएफसेन्स या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं झालेलं. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे तो फक्त इंटरनेट पुढे देतो, राउटरचं काम करत नाही. मॅनेज्ड स्विचवर (ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा स्विच) व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलींवर वेगळी नेटवर्कं, करून कॅमेरे वेगळे काढले, ते रेकॉर्डरशी बोलतात, बाहेर इंटरनेटवर जाऊच शकत नाहीत.

वीज आणि आवाज. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक ऑफिसमधून निघालेला जुना सर्व्हर डोळ्यासमोर ठेवलाय, तो १०० वॅट घेतो आणि त्याचे छोटे पंखे किंचाळतात, तो घरी आणूच नका. माझ्याकडे राउटर, बिनपंख्याचा स्विच आणि कंपनीचा डबा मिळून प्लगला मीटर लावून २६ वॅट भरले, म्हणजे महिन्याला साधारण १९ युनिट. ७५ वॅटचा जुना सिलिंग फॅन रोज आठ तास चालला तर १८ युनिट होतात. आवाज शून्य. फक्त माळ्यावर स्लॅबखाली लावू नका, मे महिन्यात तापतं.

रॅक म्हणजे मोठं कपाट असंही नाही. १९ इंची रॅकमध्ये एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, सहा यूचं भिंतीवरचं कपाट आतून जेमतेम २७ सेंटिमीटर उंच. छोटा पीसी रॅकच्या मापाचा नसतो, तो ट्रेवर ठेवायचा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पॅच पॅनेलपासून ट्रेपर्यंत सगळं हातात घेऊन बघता येतं.

राहिला इंजिनियरचा मुद्दा, आणि हा मुद्दा योग्य आहे, कारण आपण घरी नसताना बंद पडलं तर घरच्यांनी काय करायचं. मी जुना वाय-फाय राउटर इंटरनेटचं लॉगिन भरून, मुख्य राउटरचाच आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) देऊन खालच्या ट्रेवर तयार ठेवलाय आणि रॅकच्या दाराच्या आत कागद चिकटवलाय, निळी केबल या डब्याच्या निळ्या भोकात, पिवळी पिवळ्या भोकात, मग बटण दाबा. कॅमेऱ्यांचं वेगळं नेटवर्क तेवढ्यापुरतं चालत नाही, बाकी सगळं चालतं. गेल्या पावसाळ्यात मी नागपूरला होतो, राउटरचा अडॅप्टर गेला, आईने चष्मा लावून कागद वाचला, दोन केबल बदलल्या आणि दहा मिनिटांत मला व्हिडिओ कॉल केला.