आभार मानायचे म्हणजे गप्प बसायचं का?

नमस्कार सर,

तुम्ही मिरजेतले निवृत्त शिक्षक असल्याचं लिहिलंय, म्हणून सर म्हणते. मागच्या लेखात मी न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीचं म्हणणं मांडलं होतं. अमेरिकेने तिला शिक्षण दिलं, काम दिलं, त्याचं ऋण ती मानते; पण परदेशी कामगारांसाठीचे तिथले नियम अन्यायाचे आहेत, हेही ती उघड बोलते. त्यावर तुम्ही लिहिलंत: "ज्या घरचं खायचं त्याच घरचे वासे मोजायचे, हे संस्कार कुठले? पटत नसेल तर परत यावं. उद्या एखादा गोरा माणूस आपल्या सांगलीत राहून आपल्यालाच नावं ठेवायला लागला तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

डॉ. गेल ऑम्वेट यांचा जन्म अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला त्या इकडे आल्या आणि १९७३ साली त्या विषयावर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. भारत पाटणकरांशी लग्न झालं, वाळवा तालुक्यातलं कसेगाव त्यांचं घर झालं. १९८३ साली त्या भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये कसेगावातच त्यांचं निधन झालं. एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्यावर टीका केली नाही का? भरपूर केली. जातीवर लिहिलं, बाईच्या वाट्याला येणाऱ्या जगण्यावर लिहिलं. नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा प्रश्न आपल्याकडे घराच्या उंबऱ्याबाहेर काढायचाच नाही अशी रीत होती. तो प्रश्न ज्या चळवळीने सांगली जिल्ह्याच्या गावागावांतून रस्त्यावर आणला, तिच्यात इंदुताई पाटणकरांबरोबर त्यांची ही अमेरिकन सूनही होती. नागरिकत्व मिळाल्यावर मगच बोलू, असं त्यांनी ठरवलं नव्हतं. प्रबंध तर त्याच्या दहा वर्षं आधीचा. आणि ज्या देशात जन्मल्या त्या देशावर टीका करायचंही त्यांनी सोडलं नाही. विद्यार्थिदशेत त्या व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात होत्या.

म्हणजे तुम्ही विचारलेली गोष्ट इथे होऊन गेली आहे, सर. आणि मला ती नुसती चालली असं नाही, तिचा मला अभिमान आहे. त्या बोलल्या नसत्या, नुसतं "तुमची संस्कृती किती थोर" म्हणत राहिल्या असत्या, तर पाहुणी म्हणून आपण त्यांचं कौतुक केलं असतं आणि विसरून गेलो असतो.

बाहेरचं माणूस बोललं की मान खाली घालून ऐकावं, असा याचा अर्थ नाही. कॅथरिन मेयो या अमेरिकन बाई काही महिने हिंदुस्थानात फिरल्या आणि १९२७ साली त्यांचं पुस्तक आलं. बालविवाह, अस्वच्छता, अस्पृश्यता सगळं त्यात होतं, आणि निष्कर्ष असा की ही माणसं स्वराज्याच्या लायकीची नाहीत. गांधीजींनी त्याला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलं. पण त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलं की प्रत्येक भारतीयाने ते वाचलं तर थोडाफार फायदाच होईल, आरोपांची मांडणी नाकारली तरी त्यामागचं तथ्य नाकारता येणार नाही. देश पारतंत्र्यात असताना, सगळीकडून संताप उसळलेला असताना एवढं म्हणायला मोठं मन लागतं. मेयो आणि ऑम्वेट या दोघींच्या टीकेत मला दिसणारा फरक मुक्कामाच्या लांबीचा नाही. एकीच्या टीकेतून आपल्यावरचं राज्य पक्कं होत होतं, दुसरीच्या टीकेतून तळातल्या माणसाला बळ मिळत होतं. टीका करणारा कुठून आला यापेक्षा तिचा उपयोग कुणाला होतो, हे मी आधी बघते.

आता माझ्या भाचीबद्दल. तिच्यासारख्या एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण साठ दिवस मिळतात. घराचा भाडेकरार, मुलांची शाळा, सगळं त्या साठ दिवसांत. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा सर्वसाधारणपणे सात टक्क्यांपुरता. देश लहान असो की भारताएवढा, मर्यादा तीच. त्यामुळे आपल्या मुलांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. अशा स्थितीतला माणूस साहेबासमोर, शेजाऱ्यासमोर, सोशल मीडियावर तोंडभरून कौतुक करतो तेव्हा ती कृतज्ञता असते की भीती, हे बाहेरून कसं ओळखणार? आखाती देशांतही कफाला पद्धतीत मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे. कतारने ती अट २०२० साली काढली. त्याआधी तिथे राबणाऱ्या मजुराने मालकाची स्तुती केली असेल तर तिच्यावर मी कितपत विश्वास ठेवायचा? ज्याला तक्रार करता येते त्याने मानलेले आभार मला खरे वाटतात. माझी भाची दोन्ही करते, म्हणून तिच्या कृतज्ञतेवर माझा विश्वास आहे.

परदेश बाजूला ठेवू. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली माणसं तुमच्या ओळखीत असतीलच. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी ती केरळ, तमिळनाडू, उत्तर प्रदेशापर्यंत पसरली. तिथली भाषा शिकली, तिथे मुलं वाढवली. त्या मुलखाने आम्हाला उभं केलं, हे ती गावी आल्यावर आपणहून सांगतात. आणि चोरीच्या सोन्याच्या तपासात नाहक ओढलं गेलं की एकत्र येऊन दादही मागतात. त्यांना कुणी तिथे म्हटलं, "पटत नसेल तर परत जा," तर आपल्याला कसं वाटेल? आटपाडीच्या दुष्काळानेच त्यांच्या वाडवडिलांना बाहेर काढलं होतं. तेव्हा आपला एकही माणूस त्यांना कृतघ्न म्हणणार नाही. मग तासगावच्या द्राक्षबागेत किंवा कुपवाडच्या कारखान्यात राबणारा बिहारचा पोरगा मजुरीवरून बोलला की आपला आवाज का चढतो?

"परत यावं" यावर शेवटचं. माझ्या भाचीच्या पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेसाठी, ६.२ टक्के कापले जातात, तेवढेच कंपनी भरते. तिथलं पेन्शन लागू व्हायला साधारण दहा वर्षांचं काम लागतं. हा व्हिसा एरवी सहा वर्षांचा. दोन्हीकडची नोकरीची वर्षं एकत्र धरणारा करार भारत आणि अमेरिकेत नाही, त्यामुळे मधेच परत येणाऱ्याने भरलेले पैसे तिकडेच राहतात आणि तिथल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला लागतात. जर्मनीशी आपला असा करार २०१७ पासून लागू आहे. तुम्ही तिला त्या घरचं खाणारी म्हणालात. दर महिन्याला त्या घरात ती किती घालते, तेही धरा. तिची मुख्य तक्रार याच कपातीची आहे. हा करार व्हावा म्हणून आपलं सरकारही अमेरिकेकडे अनेक वर्षं मागणी करत आलं आहे.