कोना पोऱ्या रे तू?

लग्नसराई आली की एक मेसेज फिरतोच. "ज्याचं नाव तुम्ही विसरता, त्याची तुमच्या लेखी किंमत नसते. नवी नावं राहत नसतील तर विस्मरणाचा आजार सुरू झाला समजा. जुन्या लोकांना अख्ख्या गावाची नावं पाठ असायची, आपला मेंदू मोबाईलने नासवला." परवा अमळनेरच्या मामांनीही तो पाठवला. मामांना फोनवर काय बोलणार, म्हणून लिहितो.

किंमतीचं आधी. १९८७ साली ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला. अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि धंदा सांगितला. धंदे आठवले, आडनावं निसटली. शब्द एकच असला तरी तेच: 'बेकर' धंदा म्हणून राहायचा, आडनाव म्हणून जायचा. आपल्याकडचा सोनार घ्या. दागिने घडवणारा म्हटलं की पेढी, तराजू, फुंकणी सगळं डोळ्यापुढे येतं. आडनाव सोनार आणि नोकरी एसटीत, तर तो शब्द टांगायचा कुठे? त्यात खान्देशातल्या मांडवात खडा मारला तर पाटलाला लागणार, नाहीतर चौधरीला. म्हणून तर आपण 'केळीवाले पाटील', 'जिनिंगवाले पाटील' म्हणतो. यात अपमान कुणाचा झाला?

शिवाय पाहुणा नाव सांगतो तेव्हा आपण 'मी नवरीचा कोण' हे जुळवत असतो. आपली बोलायची पाळी जवळ आली की शेजाऱ्याचे शब्द डोक्यात शिरत नाहीत, हेही १९७३ साली तपासून झालंय. डीजेचं तर सोडाच.

आजाराचं म्हणाल तर वय वाढलं की विशेषनामं जिभेवर अडकतातच. सुनेचं नाव आठवेना, रोजची वाट चुकायला लागली, तोच प्रश्न घटकेघटकेला येऊ लागला, तर मात्र डॉक्टर गाठा.

आणि मोबाईल? १९८७ च्या त्या लोकांच्या खिशात कुठे होता?

राहिली जुनी माणसं. आमची आजी दारात आलेल्या पोराला नाव विचारायचीच नाही. "कोना पोऱ्या रे तू?" म्हणजे, कुणाचा मुलगा रे तू? मग गाव, मग आईचं माहेर. दोन मिनिटांत तो पोरगा शिरपूरच्या मावसबहिणीचा नातू निघायचा, आणि पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती त्याला लांबूनच ओळखायची. हाक मात्र सगळ्यांना एकच, 'भाऊ'. त्यातल्या कितीजणांची नावं तिला ठाऊक होती, देव जाणे.