मॅप पाहावा बांधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे म्हणणाऱ्या पूर्वजांना संगणकावर घर बांधण्याची सोय उपलब्ध नव्हती, हे त्यांचे भाग्य म्हणायचे. मला ती उपलब्ध झाली आणि तीही निदान पाच-सहा प्रकारांनी. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यातील माझे पाच आठवडे घर बांधण्यात गेले नाहीत, ते कोणत्या थापीने बांधावे हे ठरवण्यात गेले.

दोष माझ्या जिभेचा आहे. एप्रिलच्या अखेरीस सुटीसाठी पुण्याहून आलेला भाचा ओसरीवर बसून जुने काउंटर-स्ट्राइक, म्हणजे संगणकावरचा गोळीबाराचा खेळ, खेळत होता. त्या दिवसांत सोलापुरात दुपारचा पारा त्रेचाळिसावर जातो, माणसाला घराबाहेर पडता येत नाही, आणि घरात पडून राहिलेला माणूस बढाया मारू लागतो. मी त्याला सांगितले की २००३ साली नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत आम्ही हाच खेळ तासावर पैसे मोजून खेळत असू आणि त्यातला डस्ट हा मॅप, म्हणजे लढाईची एक जागा, मला डोळे बांधूनही पार करता येई. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. परंतु मी पुढे असेही म्हणालो की असले मॅप तयार करण्यात फारसे काही अवघड नसते. डेव्ह जॉन्स्टन नावाच्या एका इंग्रज पोराने विशी गाठण्यापूर्वीच, १९९९ साली, डस्ट तयार केला होता. भाच्याने माउसवरचा हात काढला.

"मग मामा, तुम्ही आपला भुईकोट किल्ला करा ना."

किल्ल्याची दुहेरी तटबंदी डोळ्यांसमोर येताच मी घासाघीस सुरू केली आणि साखर पेठेतल्या आमच्या वाड्यावर सौदा पटला. ओसरी, चौक, माजघर, माडी आणि मागची मोरी एवढाच ऐवज. मुदत सुटी संपेपर्यंतची.

मॅप करायचा म्हणजे एडिटर, म्हणजे मॅप बांधण्याचा प्रोग्राम, हवा, आणि एडिटर हवा म्हणजे एक फाइल उतरवून घ्यायची, अशी माझी समजूत होती. ज्याने आयुष्यभर परगावच्या पाहुण्यांना चादरी घेण्यासाठी दुकानात नेले आहे, त्याने खरे तर अशी समजूत बाळगायला नको होती. दुकानदार पहिली चादर उलगडतो, तीच सर्वांना पसंत पडते, परंतु तो दुसरी उलगडतो, बघता बघता चाळिसावी उलगडतो, आणि मग त्या ढिगाऱ्यात पहिली कुठे गेली हे त्यालाही सांगता येत नाही.

मी तर पहिल्याच संध्याकाळी चुकीच्या दुकानात शिरलो. डूम या १९९३ सालच्या खेळासाठी केलेला एक एडिटर मला प्रथम सापडला आणि तो पाहताक्षणीच आवडला, कारण त्यात वाडा वरून पाहिल्यासारखा आखायचा असतो: रेषा ओढाव्यात, रेषांनी वेढलेल्या भागाला जमिनीची उंची द्यावी, छताची उंची द्यावी, की खोली तयार. बांधकाम परवान्यासाठी काढतात तसल्या नकाशासारखा तो पडदा पाहून मला आपण अर्धे इंजिनिअर झाल्यासारखे वाटले. तीन संध्याकाळी मी ओसरी, चौक आणि माजघर आखले. चौथ्या संध्याकाळी माडीला हात घातला आणि तेव्हा कळले की मूळ डूमच्या रचनेत एका जागेला एकच जमीन आणि एकच छत असते, खोलीवर खोली चढवता येत नाही. आजोबांनी कर्ज काढून चढवलेली माडी मला फुकटातही चढवता येईना. शिवाय भाचा जो खेळ खेळत होता त्यात हा मॅप चालणारच नव्हता, ही माहिती त्याने मला त्याच संध्याकाळी दिली.

"तुम्ही विचारलंच नाही, मामा," तो म्हणाला.

सोयरीक जुळवताना जसे गोत्र पाहतात तसे एडिटर निवडताना खेळाचे इंजिन, म्हणजे ज्याच्यावर खेळ चालतो तो मूळ प्रोग्राम, पाहायचे असते. काउंटर-स्ट्राइक उभा राहिला १९९८च्या हाफ-लाइफ या खेळावर, आणि हाफ-लाइफचे इंजिन निघाले १९९६च्या क्वेक या खेळाच्या इंजिनातून; तेव्हा स्थळ याच घराण्यात पाहायला हवे होते. घराणे मोठे निघाले. हॅमर हा त्यातला आजोबा. बेन मॉरिस यांनी तो क्वेकसाठी वर्ल्डक्राफ्ट या नावाने लिहिला, पुढे व्हॉल्व्ह कंपनीने तो घेतला आणि त्याचे बारसे नव्याने केले. त्याच्या वळणावर गेलेला आणि पैसे मोजून घ्यावा लागणारा जॅक, विनामूल्य मिळणारा स्लेज, त्याहून वेगळ्या चालीचा ट्रेंचब्रूम आणि चुलत घरातला रेडियंट.

रेडियंटशी माझी ओळख अर्ध्या तासाची आहे. त्यात रिकाम्या जागेवर माउस दाबून ओढला की तिथे लगेच एक ठोकळा उभा राहतो, आणि मी केवळ इकडेतिकडे पाहण्यासाठी माउस ओढत असल्यामुळे चौकात सतरा ठोकळे जमले. मी तो बंद केला.

हॅमरमध्ये मात्र मी रमलो. त्याचा पडदा चार खिडक्यांत विभागलेला असतो. एकीत कॅमेऱ्यातून दिसणारा वाडा, बाकीच्या तिघींत वरून, समोरून आणि बाजूने काढलेल्या रेषा. एकच वाडा चार ठिकाणी चार तऱ्हांनी दिसतो, हे पाहून मला आमच्या चार चुलत्यांची वाटणीची बैठक आठवली. उलट ट्रेंचब्रूम उघडला की एकच मोठी खिडकी समोर येते आणि त्या खोलीत जणू प्रत्यक्ष उभे राहूनच भिंत ओढायची, तिरकी कापायची, कोपरा धरून हलवायचा. जुन्या वळणाच्या माणसाला चार खिडक्यांचा आधार वाटतो, भाच्याच्या पिढीला एकच खिडकी पुरते, आणि माझे वय नेमके असे आहे की मी दोन्हीकडे अडखळतो.

आता भिंतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण खरा घोळ भिंतीपासूनच सुरू झाला. या घराण्यात भिंतीच्या ठोकळ्याला ब्रश म्हणतात, आणि ब्रश म्हणजे दुसरे काही नसून खरेदीखतातील चतुःसीमा असते: पूर्वेस हे पृष्ठ, पश्चिमेस ते, वर अमुक, खाली तमुक, आणि या सर्वांच्या आत सापडते ती भिंत. मॅपची फाइल साध्या मजकुराची असते. ती उघडून पाहिली तर प्रत्येक पृष्ठासाठी तीन बिंदूंचे आकडे ओळीने लिहिलेले दिसतात, आणि ते वाचताना सातबाराच वाचत असल्याचा भास होतो. मात्र चतुःसीमेच्या या व्यवस्थेत ब्रश नेहमी बहिर्वक्र असावा लागतो, म्हणजे त्याला कुठेही खोबण असता कामा नये. आमच्या वाड्यात खोबण नसलेली भिंतच नाही. दर हातभर अंतरावर कोनाडा आहे. एकात पणती, एकात आत्याची औषधे, एकात १९८० सालापासूनची विजेची बिले. एक कोनाडा दाखवायचा तर खाली एक, वर एक, दोन्ही बाजूंना एकेक आणि पाठीला एक, असे पाच ब्रश लागतात. एकट्या माजघरात अकरा कोनाडे आहेत. हॅमरमध्ये एका वस्तूने दुसरीला आपोआप कोरून काढण्याची सोय आहे खरी, परंतु ती वापरली की भिंतीचे असे वेडेवाकडे तुकडे होतात की जाणकार मंडळी ती सोय वापरणाऱ्याकडे, पंगतीत बुंदीचे ताट उचलून नेणाऱ्याकडे पाहावे तसे पाहतात. मी ती वापरली. पुढचे दोन दिवस तुकडे वेचण्यात गेले.

या काळात शेजारचे अण्णा रोज संध्याकाळी डोकावून जात. अण्णांनी तीस वर्षे चादरीच्या जॅकार्ड मागासाठी नक्षी उतरवण्याचे काम केले आहे: मोर आधी चौकटीच्या कागदावर घर मोजून भरायचा, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडायची. एडिटरमधली जाळी पाहताच त्यांनी चष्मा लावला.

"हे तर आमचं ग्राफचं काम की ओ. एक घर केवढं धरलंय?"

सोळा एककांचा एक फूट धरला आहे, असे मी सांगितले.

"मग भिंत रेघंवरच ठेवा. रेघ सोडली की फट पडती."

मी त्यांना दोन्ही एडिटर शेजारी शेजारी लावून दाखवले आणि कोणता घ्यावा असे विचारले. अण्णांनी पाच मिनिटे मान वाकडी करून पाहिले. "ह्याच्यात घर बारीक करता येतंय? येतंय. त्याच्यात? त्याच्यातबी येतंय. मग भांडण कशाचं चाललंय?" एवढे विचारून ते जेवायला गेले.

भांडण मिटवले ते विजेने. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, हॅमरमध्ये अकरापैकी नववा कोनाडा बसवत असताना, वीज गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच स्वर्गवासी झालेली असल्याने पडदा तत्काळ काळा झाला आणि मी सकाळपासून काहीही सेव्ह केलेले नसल्याने आठ कोनाडे तिच्याकडे निघून गेले. भाच्याने त्या वेळी, बहुधा सहानुभूती म्हणून, सांगितले की ट्रेंचब्रूम ठरावीक वेळाने आपल्या आपण प्रत राखून ठेवतो. चार खिडक्या बऱ्या की एक, हाफ-लाइफसाठीचा आधार पक्का की अजून प्रायोगिक, कोणाचे शॉर्टकट सुटसुटीत, या सर्व प्रश्नांवर मी दोन आठवडे जी चर्चा केली होती ती त्या वाक्यापुढे टिकली नाही. सोलापुरात मे महिन्यात एडिटर निवडायचा असेल तर वीज गेल्यावर त्यात काय उरते एवढेच पाहावे. मी त्याच रात्री ट्रेंचब्रूमवर आलो.

वाडा उभा राहू लागला. चौकावर आकाशसुद्धा ठोकळ्याचेच बांधावे लागते आणि त्याला आभाळाचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठावर चिकटवायचे चित्र, द्यावे लागते, हे पाहून आत्या बराच वेळ गप्प होती. भिंतींसाठी पांढऱ्या मातीचा फोटो काढला, ओसरीसाठी मोराच्या चादरीचा. परंतु हाफ-लाइफच्या टेक्स्चरमध्ये २५६च रंग बसतात, त्यामुळे मोराची गर्दन थोडी कावीळ झाल्यासारखी आली. अण्णांना ते आजतागायत दाखवलेले नाही.

मग कंपाइल. एडिटर कुठलाही असो, मॅप खेळण्याजोगा करण्याचे काम वेगळेच चार प्रोग्राम ओळीने करतात. एक ब्रशांचे कातकाम करतो, दुसरा जागेची वाटणी करतो, तिसरा कोणत्या जागेवरून कोणती जागा दिसू शकेल याचा हिशेब मांडतो आणि चौथा प्रकाश पसरवतो. तिसऱ्याला फार वेळ लागतो. ओसरीच्या झोपाळ्यावर बसून घरातील कोणत्या कोपऱ्यात कोण काय करीत आहे हे पाहण्याचे काम आमच्याकडे आत्या पन्नास वर्षे करते आहे, आणि तिला त्यासाठी एक क्षणही लागत नाही.

परंतु माझा मॅप तिसऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही. दुसऱ्याने कळवले: लीक. वाडा सर्व बाजूंनी बंद नसेल, बाहेरच्या पोकळीत जाणारी एक जरी फट असेल, तर काम तिथेच अडते. धाब्याच्या घरात जन्म काढलेल्या माणसाला गळतीचे भय नसते. पहिल्या पावसात माळवदाखाली पातेली मांडत आम्ही लहानाचे मोठे झालो आहोत. फरक एवढाच की माळवदाची गळती कुठून येते हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि इथे मात्र एडिटर आत उभ्या असलेल्या खेळाडूपासून थेट फटीपर्यंत एक रेघ काढून दाखवतो. ती रेघ चौकातून निघाली, माजघर ओलांडून गेली, मोरीत शिरली आणि मोरीच्या तोंडातून, म्हणजे सांडपाण्यासाठी मीच मोठ्या निष्ठेने ठेवलेल्या चार बोटांच्या भोकातून, बाहेर पडली. त्याच क्षणी बाहेरून "पाणी आलं!" अशी हाक आली. आमच्या भागात पाणी चार दिवसांनी येते, त्यामुळे घरातील प्रत्येक माणूस उठून बादलीकडे धावतो. मी धावता धावता संपूर्ण मोरीच्या जागी एक भरीव ठोकळा बसवला आणि कंपाइल सुरू करून दिले.

टाक्या भरून परत आलो तेव्हा मॅप तयार होता. भाचा खेळायला बसला, आत्या खुर्ची ओढून मागे बसली, अण्णा दारात उभे राहिले. ओसरी झाली, चौक झाला, जिन्यापाशी खेळाडू अडकला. या खेळात माणूस अठरा एककांपर्यंतची पायरी चालत चढतो. आमच्या जिन्याची पायरी सव्वा फुटाची, म्हणजे वीस एककांची. प्रत्येक पायरीला उडी मारत तो माडीवर गेला.

"बरोबर केलंय," आत्या म्हणाली. "तुझे काका असेच चढायचे."

आयुष्यात प्रथमच तिने माझ्या कामाला बरे म्हटले होते. मी छाती फुगवून अण्णांकडे पाहिले. तेवढ्यात खेळाडू खाली उतरला, माजघरातून मागे गेला आणि भिंतीवर आदळला.

"मोरी कुठाय?" आत्याने विचारले.

मी तिला फट, पोकळी आणि दुसरा प्रोग्राम समजावून सांगितला. तिने सर्व ऐकून घेतले. "मोरी बुजवून कुणी वाडा बांधतं का रे? पाणी जायचं कुठनं?"

मग भाच्याने तोड काढली. भोक तसेच ठेवायचे आणि त्याच्या बाहेर बंदिस्त गटार बांधायचे, म्हणजे वाडा फुटत नाही. परंतु गटार अधांतरी लटकवता येणार नाही, त्याला गल्ली लागेल, आणि गल्ली घेतली की समोरचे घर घ्यावे लागेल.

समोरचे घर अण्णांचे. ते काही बोलले नाहीत. फक्त मागे वळून त्यांनी नातवाला घरातून मोजपट्टी आणायला पाठवले.