‘७६० विरुद्ध ५४०, विषय संपला’: या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) आणि बिनटर्बो इंजिनांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा राग येईपर्यंत आणि एकदा राग ओसरल्यावर, मुद्दा शोधायला. मुद्दा एकाच वाक्यात सापडला: “फेरारी ४८८ चा टॉर्क ७६० न्यूटन मीटर, ४५८ चा ५४०. विषय संपला, ९००० आरपीएमचं कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन.” (टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर; ४५८ बिनटर्बो, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारी, आणि ४८८ टर्बोवाली.) त्याखाली “जरा अभ्यास करून लिहीत जा” हा सल्लाही आहे. इंजिनं खोलण्या-जोडण्यात माझी वीस वर्षं गेलीत, तेव्हा हा सल्ला तुम्हीच ठेवून घ्या.

आधी तुमचं देणं फेडतो. माझदा आरएक्स-७ एफडीचा दुसरा टर्बो ५५०० आरपीएमला जागा होतो असं मी लिहिलं होतं. तो साधारण ४५०० ला येतो. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते ७६०. हा आकडा कुठल्या गिअरमधला, ते पाहिलंत का? सातव्या. ४८८ जीटीबीच्या माहितीपत्रकात ७६० न्यूटन मीटर ३००० आरपीएमला दिलेत, आणि तेही सातव्या गिअरमध्ये. खालच्या गिअरांत फेरारीने टॉर्क मुद्दाम आवरून धरलाय, आणि आरपीएम वाढतील तसा तो चढत जाईल अशी बूस्टची (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाची) मांडणी केलीय. म्हणजे ज्या गाडीच्या जोरावर तुम्ही विषय संपवलात, तिच्याच कारखान्याने टर्बो इंजिनाला बिनटर्बो इंजिनासारखं वागायला शिकवलं. ४८८ जास्त वेगवान आहे, हे मी नाकारलेलंच नव्हतं. ० ते १०० ला ४५८ चे ३.४ सेकंद आणि ४८८ चे ३.०, हे मूळ लेखात आहे. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

दुसरं, इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत तसाच पोचत नाही, मध्ये गिअरबॉक्स असतो. ४५० न्यूटन मीटर ९००० आरपीएमला देणारं इंजिन आणि ६०० न्यूटन मीटर ६७५० ला देणारं इंजिन, दोन्हींची ताकद येते सुमारे ५७७ पीएस, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती (टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३). गाडीचा वेग तोच ठेवायचा तर पहिल्या इंजिनाचं एकूण गिअरिंग १.३३ पट आखूड ठेवता येतं, म्हणजे गिअरबॉक्स टॉर्क तेवढ्या पटीने जास्त वाढवतो. ४५० गुणिले १.३३ म्हणजे ६००. चाकाला दोन्हीकडून सारखंच मिळालं. जास्त आरपीएमचा उपयोग हा असतो, स्मरणरंजन नव्हे.

आणि खरी गोम पुढेच आहे. डायनोचा (इंजिनाचा टॉर्क आणि ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख पूर्ण थ्रॉटलला, वरच्या गिअरमध्ये, बूस्ट भरायला भरपूर वेळ देऊन काढलेला असतो. वळणातून बाहेर पडताना पाय ३० टक्क्यांवर असतो. तिथून ८० वर नेलात की बिनटर्बो इंजिनात मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) भरायला लागेल तेवढाच उशीर होतो. टर्बोत एक्झॉस्टचा प्रवाह वाढायला हवा, मग टर्बाइनने वेग घ्यायला हवा, मग दाब चढतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तर आरपीएम इतक्या झपाट्याने चढतात की आलेखातला खालचा टॉर्क हाती लागायच्या आत तुम्ही त्या आरपीएमच्या पुढे गेलेले असता.

बिघडतं ते इथेच. मागचे टायर आधीच बाजूच्या ताणाने पकडीच्या काठावर असतात, त्यात बूस्ट पायाच्या मागून येतो. मागची बाजू सुटते, चालक घाबरून पाय काढतो, वजन पुढे झुकतं आणि ती आणखीच सुटते. १९७५ च्या पोर्शे ९३० चा (पहिल्या ९११ टर्बोचा) धाक याच साखळीमुळे होता: २६० पीएस, चारच गिअर, इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. आजच्या टर्बो गाड्या तशा नाहीत, मान्य. ट्विन-स्क्रोलमध्ये (एक्झॉस्टसाठी दोन वेगळ्या वाटा असलेल्या टर्बोत) चार सिलिंडरचं इंजिन असेल तर १-४ आणि २-३ चे एक्झॉस्ट वेगळे नेतात. त्यामुळे एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही आणि लॅग (पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा उशीर) कमी होतो. पण “लॅग आता उरलाच नाही” हे तुमचं वाक्य भाबडं आहे.

पटत नसेल तर स्वतः मोजा. मोकळ्या ट्रॅकवर तिसरा गिअर, ३००० आरपीएमला स्थिर वेग, मग पाय एकदम दाबा. लॉगरवर (गाडीतले आकडे नोंदवणाऱ्या यंत्रावर) थ्रॉटलची स्थिती, मॅनिफोल्डचा दाब आणि पुढच्या दिशेचा प्रवेग या तीन रेघा एकाखाली एक लावा. थ्रॉटलच्या रेघेपासून प्रवेगाच्या रेघेपर्यंतचं अंतर सेकंदांत वाचा. हेच ५००० ला करा, मग अर्ध्या थ्रॉटलला करा. सलग फेऱ्या मारणार असाल तर इंटरकूलरनंतरचं (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागानंतरचं) हवेचं तापमानही नोंदवा. ते चढलं की नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो), आणि पाचव्या फेरीचा टॉर्क पहिल्या फेरीइतका राहत नाही.

बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या) इंजिनाच्या आवाजाबद्दलचं मत तुमचं, ते तुम्हाला लखलाभ. आणि “इलेक्ट्रिकचा उल्लेखही नाही” ही तक्रार असेल, तर लेखाच्या मथळ्यात ‘इंजिन’ हा शब्द होता.