फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीबद्दल खुलासा

'आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, एमपीटीला (फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीला) नंबर लागला की सगळी फी विद्यापीठच भरतं, फक्त खालच्या लिंकवर पाचशे रुपये भरून नाव नोंदवा' असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. हे खरं नाही.

नाशिकच्या म्हसरूळमधलं हे विद्यापीठ महाविद्यालयांना संलग्नता देतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. प्रवेशाची सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो, आणि सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. तिथे अर्जाला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागितले की समजा, गाडी भलत्याच रस्त्याला लागलीय.

नंबर लागला की सगळ्यांनाच फी मिळते, हेही चूक. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे; त्यावर गेलात तर फ्रीशिपची (फीमाफीची) योजना वेगळी. इतर प्रवर्गांच्या अटी निराळ्या. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला या सवलती धरून बसू नका, आणि ही गोष्ट कॉलेजचे एजंट आधी सांगत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, जातीची कागदपत्रं आणि आधारशी जोडलेलं बँक खातं प्रवेशाआधीच तयार ठेवा, कारण रक्कम थेट खात्यात येते आणि अर्ज बहुतेक वेळा याच कागदांपायी अडकतात.

कशातच बसत नसाल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून शैक्षणिक कर्जाचा अर्ज करता येतो. ते मात्र कर्जच, परत फेडायचं. आयकराच्या जुन्या करपद्धतीत त्याच्या व्याजावर ८ वर्षांपर्यंत वजावट मिळते.