भागीदारी बांधापर्यंत पोहोचावी

संवर्धनशील शेतीसाठी, म्हणजे जमिनीचा कस टिकवून केलेल्या शेतीसाठी, कृषी संस्थांनी परस्परांशी भागीदारी करावी, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील प्रतिपादन मला मनापासून पटते. मात्र ती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कोणत्या रूपात पोहोचते, याचा विचार त्यात अधिक व्हायला हवा होता. अमेरिकेत धुळीच्या वादळांच्या काळात, १९३५ मध्ये, मृदासंवर्धन सेवा ही सरकारी यंत्रणा स्थापन झाली आणि पुढे तिने स्थानिक मृदासंवर्धन जिल्ह्यांच्या, म्हणजे त्या त्या भागातील माती राखण्यासाठीच्या स्थानिक संस्थांच्या, सोबतीने काम उभे केले. तांत्रिक ज्ञान वरून आले, तरी कामांचा अग्रक्रम ठरवण्यात तिथल्या शेतकऱ्यांचा वाटा राहिला. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. संवर्धनशील शेतीतील किमान मशागत, पिकांच्या अवशेषांचे आच्छादन आणि पिकांची फेरपालट यांचा लाभ जमिनीतील सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या अवशेषांतून मातीत साठणारा कार्बन) वाढेल तसा हळूहळू दिसतो, आणि सुरुवातीच्या हंगामांत तण वाढून उत्पादन घटण्याचीही शक्यता असते. नेमक्या त्याच काळात एक संस्था आच्छादनाचा आग्रह धरत असेल आणि दुसरी केवळ चालू वर्षाच्या उत्पादनावर कर्जाची पात्रता ठरवत असेल, तर शेतकऱ्याने कोणाचे ऐकावे? म्हणून सल्ला, पतपुरवठा आणि पीकविमा यांचे निकष या संस्थांनी एकत्र बसून ठरवावेत, आणि अर्थसाहाय्याची मुदत निदान फेरपालटीचे एक पूर्ण चक्र होईपर्यंत तरी असावी.