पॉइंट काढले म्हणजे गाडी सुधारली, असं नाही

जुन्या पेट्रोल जीप आणि पिकअप सांभाळणाऱ्या आपल्या नाशिककरांच्या फोनवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्यातले) पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारा स्विच, आणि त्याच्याबरोबरचा कंडेन्सर काढून फेका, त्यांच्या जागी तेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवा. ॲव्हरेज 30 टक्क्यांनी वाढेल, घाटात गाडी दुप्पट ओढेल, पावसात कधी बंद पडणार नाही, आणि हे काम कुणीही अर्ध्या तासात घरी करू शकतो. माझ्याकडे महिंद्राची एफसी-150 ही जुनी मालवाहू गाडी आहे. तिच्यात असा किट मी स्वतः बसवलाय आणि तो काढायचा माझा विचार नाही. पण या संदेशावर विसंबून लोक कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) जाळून घेताहेत, म्हणून लिहितो.

आधी ॲव्हरेज. पॉइंट उघडणारा फायबरचा तुकडा कॅमवर सतत घासतो आणि झिजतो. झिजला की पॉइंटमधला गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडतं. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. गाडी जड झाली, पेट्रोल जास्त खाते, एवढंच तो म्हणतो. मग किट बसवायला डिस्ट्रिब्युटर उघडला जातो, मिस्त्री टायमिंग नव्याने जुळवतो, हात लागलाच आहे तर प्लग आणि वायरीही बदलतो. गाडी सुधारते आणि श्रेय किटला मिळतं.

मी या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या केल्या. आधी पॉइंट वीसच्या गेजवर (गॅप मोजायची पट्टी, इंचाचे वीस हजारांश), म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरवर लावले आणि टायमिंग पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या 5 अंश आधी आणलं. द्वारका ते पिंपळगाव बसवंत, तेवढाच माल, टाकी काठोकाठ भरून मोजलं. ॲव्हरेज वाढलं ते तेव्हाच. महिन्याने किट बसवून त्याच रस्त्यावर पुन्हा मोजलं, तर आकडा जागचा हलला नाही. किटने मला दिलं ते वेगळंच: आत घासणारं काही उरलं नाही, त्यामुळे एकदा लावलेलं टायमिंग टिकतं. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट थोडा डगमगत असेल तर पॉइंटचा गॅप दर फेऱ्याला बदलतो, किटला त्याचा त्रास कमी होतो. मालवाहू गाडीसाठी एवढा फायदा पुरेसा आहे. त्यासाठी 30 टक्क्यांची थाप कशाला हवी?

घाटातल्या दुप्पट ओढीचा दावा मोठ्या, वेगाने फिरणाऱ्या इंजिनांवरून उचललेला दिसतो. आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर गेलं की सेकंदाला 400 ठिणग्या लागतात, एका ठिणगीच्या वाट्याला अडीच मिलिसेकंद येतात. तेवढ्यात कॉइल पुरती भरत नाही आणि पॉइंट खरोखर कमी पडतात. आपल्या या गाड्यांमधलं 134 घनइंचाचं हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं. ते 4000 फेऱ्यांवर तापवलं तरी सेकंदाला 133 ठिणग्या, प्रत्येकीला साडेसात मिलिसेकंद. कसारा घाट चढताना तर इंजिन याच्या कितीतरी खाली असतं, म्हणजे कॉइलला वेळच वेळ. शिवाय वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेण्याचं काम किट बसवल्यावरही डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगच करतात. ती गंजून अडकली असतील तर गाडी घाटात ओढणार नाही, मग किट कितीही महाग असो. मी डिस्ट्रिब्युटर उघडला तेव्हा माझं एक वजन पूर्ण जाम होतं. काही जण याच भरात प्लगचा गॅप सव्वा मिलिमीटर करतात. या इंजिनाला पाऊण मिलिमीटर पुरतो. जास्त केला तर डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या कॅपवर (झाकणावर) आणि आत फिरून ठिणगी वाटणाऱ्या रोटरवर फुकटचा ताण येतो.

पावसाचं उत्तर सोपं आहे. किट आला तरी करंट त्याच कॅपमधून, त्याच रोटरवरून, त्याच वायरींतून प्लगला जातो. इगतपुरीच्या पावसात कॅपच्या आत ओल धरली की गाडी पूर्वीसारखीच मिस करणार. तडा नसलेली कॅप आणि घट्ट बसणारी रबरं हाच उपाय.

आता ते ‘अर्ध्या तासात कुणीही’. खरं नुकसान इथे होतं. जुन्या कॉइलच्या बऱ्याच जोडण्यांत एक बॅलास्ट रेझिस्टन्स, म्हणजे कॉइलचा करंट कमी ठेवणारा रोध, असतो. किटला पूर्ण 12 व्होल्ट लागतात म्हणून लोक तो काढतात आणि दीड ओहमची जुनी कॉइल तशीच ठेवतात. गणित करा: 12 भागिले 1.5, म्हणजे 8 ॲम्पियर, आणि गाडी चालू असताना व्होल्टेज 14 वर गेलं की नऊच्या वर. एवढ्या करंटने कॉइल तापून जळते. तीन ओहमच्या कॉइलला तेच चार-पाच ॲम्पियर. आपली कॉइल किती ओहमची आहे हे मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं, ते आधी पाहा आणि किटच्या कागदाशी जुळवा. लाल वायर बॅलास्टच्या अलीकडून, थेट स्विचवरून घ्या. गाडी 6 व्होल्टची असेल तर 12 व्होल्टचा किट लावूच नका. आणि इंजिन बंद असताना चावी चालू सोडू नका, कारण कॉइलमधून करंट वाहतच राहू शकतो. माझ्या मित्राने टेपवर गाणी ऐकायला चावी चालू ठेवली, ट्रक टर्मिनलवर माल उतरेपर्यंत कॉइल इतकी तापली की हात लावता येईना, आणि मॉड्युल, म्हणजे किटचा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं ते गेलंच.

राहिलं ‘पॉइंट फेकून द्या’. अजिबात फेकू नका. पॉइंट खराब झाले तर रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं. मॉड्युल गेलं तर काहीच करता येत नाही. माझ्या सीटखालच्या डब्यात जुन्या प्लेटवर गॅप आधीच लावलेले पॉइंट, एक चांगला कंडेन्सर, स्क्रू ड्रायव्हर आणि वीसचा गेज असतो. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी आणि ब्लॉकवर पॉइंटच्या टायमिंगची खूण पंचने मारून ठेवलीय, म्हणजे अंधारातही बॅटरीच्या उजेडात परत जुळवता येतं.